लँकेशायरच्या पेठा आणि एक आयरिश मॅनेजर

फुटबॉलमधील ‘मॅनेजर’ या पदाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ‘व्यवस्थापक’ म्हटले तर हिशेब, प्रवास आणि निवासाची सोय पाहणारा माणूस डोळ्यांसमोर येतो आणि ‘प्रशिक्षक’ म्हटले तर सरावापुरता शिकवणारा. ब्रिटिश बेटांवरील फुटबॉलमध्ये मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः हडर्सफील्ड आणि नंतर आर्सेनल या संघांचे मॅनेजर हर्बर्ट चॅपमन यांच्या कारकिर्दीपासून, या दोन्ही कामांना सामावून घेऊन त्यांच्या पलीकडे जाणारे एक पद आकाराला आले. कोणते खेळाडू विकत घ्यावेत, कोणाला मैदानात उतरवावे, कोणत्या पद्धतीने खेळावे आणि हरल्यावर उत्तर कोणी द्यावे, या सर्व प्रश्नांचा भार ज्या एका माणसाच्या खांद्यावर असतो, तो मॅनेजर. संघ जिंकला तर गौरव खेळाडूंचा होतो आणि हरला तर नोकरी मॅनेजरची जाते, हा त्या व्यवस्थेचा अलिखित करार आहे. ओवेन कॉइल या आयरिश आंतरराष्ट्रीय खेळाडूची मॅनेजर म्हणून झालेली कारकीर्द या कराराचे जवळजवळ प्रत्येक कलम उलगडून दाखवते. आणि ती कारकीर्द एका टप्प्यावर पुण्याच्या एका उद्योगसमूहाशी व पुढच्या टप्प्यावर कोल्हापूरच्या एका खेळाडूशी जोडली गेली असल्याने मराठी वाचकाने तिच्याकडे केवळ परदेशी हकिकत म्हणून पाहण्याचे कारण नाही.

कोल्हापूरचा फुटबॉल मॅनेजरच्या पदावर उभा राहिला नाही, तो तालमीवर उभा राहिला. तालीम म्हणजे मूळ अर्थाने कुस्तीचा हौदा असलेली व्यायामशाळा. परंतु कोल्हापुरात हा शब्द पेठेच्या संपूर्ण सामाजिक जीवनाला व्यापतो, आणि गणेशोत्सव, शिवजयंती, पेठेतील भांडणांचा निवाडा, महापुरातील मदतकार्य या सर्व गोष्टी तालमीच्या कट्ट्यावर ठरतात. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला राजाश्रय आणि १९१२ मध्ये उभारलेले खासबाग मैदान यांमुळे तालमींना जे बळ मिळाले, त्याच बळावर पुढील पिढ्यांनी फुटबॉलचे संघ उभे केले. म्हणूनच पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ अशी नावे आजही फुटबॉलच्या गुणतक्त्यात दिसतात, आणि त्यांच्या शेजारी श्री शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब व फुलेवाडी क्रीडा मंडळ हे तितक्याच ईर्षेचे संघ उभे असतात. १९४० मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘केएसए’ने, या पेठांच्या चुरशीला साखळी स्पर्धेचे नियमबद्ध रूप दिले. साखळी म्हणजे ज्या स्पर्धेत प्रत्येक संघ इतर प्रत्येक संघाशी खेळतो आणि गुणांच्या बेरजेवर क्रम ठरतो ती पद्धत. या व्यवस्थेत संघाला शिकवणारे होते आणि आहेत, परंतु संघाचा मालक म्हणून कोणी एक माणूस ओळखला जात नाही. संघ पेठेचा असतो, पराभवही पेठेचा असतो, आणि एका तालमीचा खेळाडू दुसऱ्या तालमीकडे गेला तर त्याची चर्चा अनेक हंगाम संपत नाही.

हे शेवटचे वाक्य कोल्हापूरविषयी लिहिलेले असले, तरी त्यातील तालमीच्या जागी क्लब हा शब्द घातल्यास ते इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यालाही तंतोतंत लागू पडते. बर्नली, ब्लॅकबर्न आणि बोल्टन ही तेथील तीन गावे कोल्हापूर ते इचलकरंजी एवढ्याच, म्हणजे तीसेक किलोमीटरच्या टापूत वसलेली आहेत, आणि तिन्ही गावे कापडगिरण्यांवर वाढलेली. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात अमेरिकेचा कापूस बंद झाला, तेव्हा याच गिरण्यांसाठी पश्चिम भारतातील कापूस मुंबईच्या बंदरातून मोठ्या प्रमाणावर जहाजांत चढला होता. गिरणी कामगारांना शनिवारी दुपारनंतर सुट्टी मिळू लागली आणि त्या सुट्टीने फुटबॉलला प्रेक्षक मिळवून दिला. १८८८ मध्ये जगातील पहिली फुटबॉल साखळी स्थापन झाली तेव्हा तिच्या बारा संस्थापक संघांत बर्नली, ब्लॅकबर्न रोव्हर्स आणि बोल्टन वाँडरर्स हे तिन्ही होते. गिरण्या बंद पडल्या, पण गावांची ओळख फुटबॉलपुरती का होईना शिल्लक राहिली. शेजारच्या गावाविषयी वाटणारी ईर्षा ही त्या ओळखीची दुसरी बाजू होती. ओवेन कॉइल यांनी पुढे या तिन्ही गावांच्या संघांचे मॅनेजरपद भूषवले. एकाच माणसाने एकामागून एक तीन पेठांचे संघ सांभाळावेत, अशीच ही गोष्ट होती, आणि तिचे परिणाम कोल्हापूरकराला समजावून सांगावे लागत नाहीत.

कॉइल यांचा जन्म १४ जुलै १९६६ रोजी स्कॉटलंडमधील पेझली येथे, आयरिश वंशाच्या कुटुंबात झाला. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचे पीक रोगाने नष्ट होऊन जो दुष्काळ पडला, त्यात सुमारे दहा लाख माणसे मृत्यू पावली आणि तितक्याच संख्येने देश सोडून गेली. या स्थलांतरितांचा एक मोठा प्रवाह समुद्राची चिंचोळी पट्टी ओलांडून ग्लासगो आणि तिच्या परिसरातील गिरण्या, गोद्या व खाणींकडे वळला. त्यांच्या वस्त्यांतूनच १८७५ मध्ये एडिंबरा येथे हायबर्नियन, १८८७ मध्ये ग्लासगो येथे सेल्टिक आणि १९०९ मध्ये डंडी हायबर्नियन हे संघ जन्माला आले, आणि शेवटच्या संघाने पुढे डंडी युनायटेड हे नाव घेतले. कॉइल यांनी १९९० च्या दशकात याच डंडी युनायटेडसाठी आघाडीचा खेळाडू म्हणून खेळ केला. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार आईवडील किंवा आजीआजोबा ज्या देशाचे असतील त्या देशाकडून खेळण्याची मुभा असते, आणि इंग्रज मॅनेजर जॅक चार्ल्टन यांच्या काळात आयर्लंडच्या प्रजासत्ताकाने या नियमाचा आधार घेऊन स्थलांतरितांच्या नातवंडांतून आपला सर्वांत यशस्वी संघ उभारला होता. कॉइल यांच्या वाट्याला त्यातून फक्त एक सामना आला. एप्रिल १९९४ मध्ये टिलबर्ग येथे नेदरलँड्सविरुद्ध आयर्लंडने तो १-० असा जिंकला, परंतु त्या उन्हाळ्यात अमेरिकेत झालेल्या विश्वचषकासाठीच्या संघात कॉइल यांचे नाव नव्हते. आयरिश म्हणून त्यांची नोंद या एका सामन्यावर उभी आहे. तरीही स्थलांतरिताच्या मुलाला आपले गाव नेमके कोणते हा प्रश्न आयुष्यभर पुरतो, आणि कॉइल यांच्या पुढील कारकिर्दीत तो प्रश्न पुन्हा पुन्हा वेगळ्या वेषात समोर येतो.

मॅनेजर म्हणून त्यांची सुरुवात २००३ मध्ये फॉल्कर्क येथे, खेळाडू असतानाच सहकाऱ्याबरोबर वाटून घेतलेल्या जबाबदारीने झाली. २००५ ते २००७ या काळात सेंट जॉन्स्टन हा संघ त्यांच्याकडे होता, आणि त्या संघाची वरच्या श्रेणीत बढती २००७ मध्ये हंगामाच्या अगदी शेवटच्या मिनिटांत, दुसऱ्या मैदानावर झालेल्या एका गोलाने हुकली. युरोपीय साखळ्यांत दर हंगामाअखेर तळाचे संघ खालच्या श्रेणीत उतरतात आणि खालच्या श्रेणीतील अव्वल संघ वर चढतात. या चढउतारावर क्लबचे उत्पन्न, खेळाडूंचे करार आणि मॅनेजरची नोकरी अवलंबून असते. नोव्हेंबर २००७ मध्ये बर्नलीने त्यांना बोलावले.

बर्नलीतील दोन वर्षे ही या कारकिर्दीतील सर्वांत उजळ वर्षे होत. १९७६ नंतर ३३ वर्षे अव्वल श्रेणीपासून दूर राहिलेल्या आणि जेमतेम सत्तर-ऐंशी हजार लोकवस्तीच्या या गावाचा संघ २००८-०९ च्या हंगामात लीग कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेत चेल्सी आणि आर्सेनल यांना हरवून उपांत्य फेरीत गेला. २५ मे २००९ रोजी वेंब्ली मैदानावर शेफील्ड युनायटेडला १-० असे हरवून त्याने प्रीमियर लीगमध्ये प्रवेश मिळवला. ऑगस्टमध्ये नव्या श्रेणीतील पहिल्याच घरच्या सामन्यात बर्नलीने गतविजेत्या मँचेस्टर युनायटेडलाही १-० असे हरवले. एवढ्या छोट्या गावाला असे दिवस पिढीतून एकदा दिसतात, आणि म्हणूनच जानेवारी २०१० मध्ये, हंगाम अर्धा झालेला असताना, कॉइल बर्नली सोडून शेजारच्या बोल्टनकडे गेले तेव्हा गावाने ते मनाला लावून घेतले. बोल्टन हा त्यांचा खेळाडू म्हणून जुना संघ होता, तेथे अव्वल श्रेणीचा अनुभव आणि अधिक साधने होती, आणि मॅनेजरच्या नोकरीत उद्याची शाश्वती नसताना मिळालेली संधी सोडणे हाही जुगारच असतो, हे सर्व खरे आहे. परंतु बर्नली त्याच हंगामाअखेर खालच्या श्रेणीत उतरले, हेही तितकेच खरे आहे. प्रेक्षकांच्या दृष्टीने हा विश्वासघात होता, आणि व्यावसायिक हिशेबात निर्णय बरोबर ठरला असता तरी ती भावना चुकीची ठरत नाही, कारण पेठेचे नाते कराराच्या कागदावर लिहिलेले नसते.

बोल्टनमध्ये आरंभ चांगला झाला. एप्रिल २०११ मध्ये संघ एफए कप या इंग्लंडमधील सर्वांत जुन्या बाद स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचला, परंतु वेंब्लीवर स्टोकने त्याचा ५-० असा धुव्वा उडवला. पुढील हंगामात १७ मार्च २०१२ रोजी टॉटनहॅमच्या मैदानावर बोल्टनचा तरुण मध्यरक्षक फॅब्रिस मुआंबा हृदय बंद पडून खाली कोसळला. सामना तेथेच थांबवण्यात आला, आणि वैद्यकांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर तो वाचला, पण पुन्हा खेळू शकला नाही. त्या दिवशी कॉइल खेळाडूबरोबर रुग्णालयात गेले आणि पुढचे दिवस मुआंबाच्या कुटुंबीयांच्या सोबत राहिले. मॅनेजरच्या कामाचे मोजमाप गुणतक्त्यात होते, त्यामुळे अशा दिवसांची नोंद कोठेही होत नाही, आणि त्या हंगामाअखेर तक्त्यात नोंद झाली ती एका गुणाने हुकलेल्या स्थानाची: बोल्टनचे ३६ गुण झाले, सुरक्षित राहिलेल्या क्वीन्स पार्क रेंजर्सचे ३७. ऑक्टोबर २०१२ मध्ये कॉइल यांची नोकरी गेली. त्यानंतरचे विगन आणि अमेरिकेतील ह्यूस्टन डायनॅमो हे मुक्काम अल्पकाळाचे होते.

जून २०१६ मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सने त्यांची नेमणूक केली आणि येथे ही कथा महाराष्ट्रात शिरते. नोव्हेंबर २०१० पासून ब्लॅकबर्नची मालकी पुण्याच्या वेंकीज उद्योगसमूहाकडे आहे. कुक्कुटपालन, अंडी व पशुखाद्य या व्यवसायांत देशभर पसरलेल्या या समूहाने सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना हा १८७५ साली स्थापन झालेला क्लब विकत घेतला, तेव्हा तो प्रीमियर लीगमध्ये खेळत होता. १९९५ साली प्रीमियर लीग जिंकलेला हा संघ पुण्याच्या मालकीखाली २०१२ मध्ये खालच्या श्रेणीत उतरला, आणि वारंवार बदललेल्या मॅनेजरांमुळे प्रेक्षकांचा मालकांवरील विश्वास आधीच ढासळला होता. अशा वातावरणात बर्नलीचा जुना मॅनेजर आणणे म्हणजे सुरुवातच वजाबाकीने करणे होते, कारण बर्नली आणि ब्लॅकबर्न यांचे वैर लँकेशायरमधील सर्वांत कडवे मानले जाते. फेब्रुवारी २०१७ मध्ये संघ तळाच्या तीन स्थानांत असताना कॉइल यांना जावे लागले, आणि हंगामाअखेर केवळ गोलफरकाने, म्हणजे केलेल्या व स्वीकारलेल्या गोलांच्या वजाबाकीत मागे पडल्याने, ब्लॅकबर्न तिसऱ्या श्रेणीत घसरले. पुण्यातील मालकांचा हेतू वाईट होता असे म्हणण्यास आधार नाही. पण ज्या गावात क्लब म्हणजे गावाची शेवटची सामायिक मालमत्ता उरली आहे, तेथील माणसांच्या मनातील शेजाऱ्यांचा नकाशा हजारो किलोमीटरवरून वाचता येत नाही, हे या नेमणुकीने दाखवून दिले. कोल्हापुरातील कोणत्याही तालमीच्या कट्ट्यावर हा निर्णय विचारला असता, तर उत्तर एका वाक्यात मिळाले असते.

त्यानंतर स्कॉटलंडमधील रॉस काउंटी येथे काही महिने घालवून कॉइल यांची कारकीर्द संपल्यासारखी दिसत असताना, डिसेंबर २०१९ मध्ये इंडियन सुपर लीगमधील चेन्नईयिन एफसीने त्यांना बोलावले. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या साखळीत संघांना मालक असतात, परंतु त्या काळी श्रेणीतील घसरण नव्हती, म्हणजे तळाला राहिलेला संघही पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत खेळत असे. लँकेशायरमध्ये प्रत्येक हंगाम कड्याच्या टोकावर जगलेल्या मॅनेजरला ही निराळीच जमीन होती. तळाजवळ सापडलेला संघ त्यांनी चौथ्या क्रमांकावर नेला, उपांत्य फेरीत दोन सामन्यांत मिळून एफसी गोवाला ६-५ असे मागे टाकले, आणि १४ मार्च २०२० रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर, करोनाच्या साथीमुळे एकही प्रेक्षक नसताना, अंतिम सामन्यात एटीकेकडून १-३ अशी हार पत्करली. पुढच्या हंगामासाठी त्यांनी टाटा स्टीलच्या मालकीच्या जमशेदपूर एफसीचे मॅनेजरपद स्वीकारले. गिरणीगावांत वाढलेल्या फुटबॉलचा हा माणूस आता पोलादाच्या गावाच्या संघाकडे आला होता.

जमशेदपूरच्या त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. १३ जुलै २००० रोजी कोल्हापुरात जन्मलेला हा आघाडीचा खेळाडू शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुण्यात घडला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला. कोणत्याही वयोगटातील फुटबॉल विश्वचषकात भारताचा संघ उतरण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिन्ही संघांकडून भारत हरला, परंतु कोलंबियाविरुद्धच्या १-२ अशा सामन्यात भारताने विश्वचषकातील पहिला गोल केला, आणि त्या दिवसांत कोल्हापूरच्या पेठांत ब्राझील व अर्जेंटिनाच्या झेंड्यांबरोबर प्रथमच आपल्या गावच्या पोराचे नाव झळकले. पुढे इंडियन ॲरोज या युवा संघातून खेळत असताना, २०१९ मध्ये अनिकेतला काही काळ सरावासाठी ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये पाठवण्यात आले. पुण्याच्या मालकीच्या ज्या क्लबातून दोन वर्षांपूर्वी कॉइल यांना जावे लागले होते, त्याच क्लबच्या सराव मैदानावर कोल्हापूरचा मुलगा पोचला, आणि आणखी दीड वर्षाने हे दोघे गोव्यात एकाच संघात भेटले.

गोव्यात, कारण २०२०-२१ चा संपूर्ण हंगाम साथीमुळे फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान या तीनच मैदानांवर, संघांना बाहेरच्या जगापासून तोडून ठेवलेल्या सुरक्षित कड्यात खेळवला गेला. ज्या खेळाची ताकद पेठेच्या आरोळीत आहे, तो खेळ रिकाम्या पायऱ्यांसमोर खेळला गेला. मैदानावरील मॅनेजरच्या सूचना दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाला ऐकू येत, आणि छत्रपती शाहू स्टेडियमवर शेजाऱ्याच्या कानात ओरडून बोलण्याची सवय असलेल्या कोल्हापूरकराला ती शांतता अनोळखी होती. जमशेदपूर त्या हंगामात सहावे आले. चांगल्या मॅनेजरला संघ बांधण्यासाठी लागणारा दुसरा हंगाम कॉइल यांना येथे मिळाला. २०२१-२२ मध्ये पुन्हा गोव्यातच झालेल्या हंगामात, स्कॉटलंडचा ग्रेग स्ट्युअर्ट आणि तरुण भारतीय खेळाडू यांच्या बळावर, जमशेदपूरने शेवटचे सात सामने सलग जिंकले, ७ मार्च २०२२ रोजी एटीके मोहन बागानला १-० असे हरवून २० सामन्यांत ४३ गुण मिळवले, आणि साखळीतील अव्वल संघाला मिळणारी लीग शील्ड क्लबच्या इतिहासात प्रथमच जिंकली. उपांत्य फेरीत मात्र केरळ ब्लास्टर्सने त्यांना बाहेर काढले. अनिकेत तोवर हैदराबाद एफसीकडे गेला होता; साखळीत जमशेदपूरच्या मागे दुसरा राहिलेला हैदराबादचा संघ २० मार्च २०२२ रोजी फातोर्डावर अंतिम सामन्यात केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी फटक्यांवर ३-१ असे हरवून विजेता ठरला. मॅनेजरच्या हाती शील्ड राहिली आणि त्याच्या जुन्या खेळाडूच्या संघाकडे करंडक गेला. फुटबॉलमध्ये न्याय म्हणतात तो बहुधा असाच वाटून मिळतो.

कोल्हापूरच्या दृष्टीने या सर्वांत विचार करण्याजोगा मुद्दा अनिकेतच्या मार्गाचा आहे. तो पेठांच्या शहरात जन्मला, पण घडला शासकीय प्रबोधिनीत, राष्ट्रीय युवा संघात आणि परदेशी मॅनेजरांच्या हाताखाली. पेठांच्या साखळीत अनेक दशके उत्तम खेळाडू निपजत आले, बाहेरून, अगदी आफ्रिकेतूनही खेळाडू येऊन तालमींकडून खेळले, मैदान गर्दीने भरत राहिले. परंतु दहा-बारा वर्षांच्या मुलाला हाताशी धरून दहा वर्षांचा विचार करणारे पद त्या रचनेत रुजले नाही. तालमीच्या कुस्तीत वस्ताद होता आणि तो पोराच्या खुराकापासून झोपेपर्यंत सर्व पाहत असे. तोच वस्ताद त्याच तालमीच्या फुटबॉलमध्ये का उतरला नाही, हा प्रश्न कोल्हापूरच्या क्रीडा इतिहासाने अद्याप पुरेसा विचारलेला नाही. ईर्षा आजचा सामना जिंकून देते, पण मुलगा घडायला जो निवांत काळ लागतो, तो ईर्षेच्या हाती नसतो.

शील्ड जिंकल्यानंतर कॉइल स्कॉटलंडला परतले आणि ग्लासगोच्या क्वीन्स पार्कचे मॅनेजर झाले. १८६७ मध्ये स्थापन झालेला हा स्कॉटलंडमधील सर्वांत जुना क्लब, २०१९ पर्यंत आपल्या कोणत्याही खेळाडूला वेतन देत नव्हता. केवळ खेळण्यासाठी खेळणे हे त्याचे ब्रीद होते, आणि रोजगार सांभाळून संध्याकाळी सरावाला येणाऱ्या तालमीच्या जुन्या खेळाडूंना ते समजावून सांगण्याची गरज पडली नसती. मे २०२३ मध्ये थेट बढती ठरवणाऱ्या, साखळीच्या अखेरच्या सामन्यात क्वीन्स पार्क डंडीकडून ३-५ असे हरले, कॉइल यांनी पद सोडले आणि त्याच उन्हाळ्यात ते दुसऱ्यांदा चेन्नईला आले. पहिल्या वर्षी संघ बाद फेरीत पोचला, दुसऱ्या वर्षी अकरावा राहिला, आणि २०२५ मध्ये त्यांनी चेन्नई सोडले.